निर्माल्याची कुंडी

देवावर माझा विश्वास आहे की देवाची मला नुसती सवय आहे, हा प्रश्न मला पस्तिशी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. सकाळी दिवा लावायचा, तुळशीला पाणी घालायचं, सोमवार धरायचे, हे सगळं मी लग्नाआधीपासून करत आले होते. पण त्यात भक्ती किती आणि भीती किती, हे कधी तपासून पाहिलं नव्हतं. मी मुळात धास्तावलेल्या स्वभावाची. गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी, घरातल्या कुणाला यायला दहा मिनिटं उशीर झाला की मनातल्या मनात दवाखान्यापर्यंत जाऊन येणारी. माझे यजमान थट्टेने म्हणायचे, "तुझ्या देवाला सुट्टी कधी असते गं? दिवसभर कामाला जुंपलेलं असतंस बिचाऱ्याला." मला त्याचा राग यायचा, कारण ते खरं होतं. काही वाईट होऊ नये एवढ्यासाठीच मी हात जोडत होते. आणि एका श्रावणात जे वाईट झालं, ते माझ्या देवपूजेतूनच उगवलं. म्हणून हे लिहिते आहे.

नव्वद सालच्या आगेमागेची गोष्ट. नवीन पनवेलमध्ये आमची तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा होती. यजमान कारखान्यात. सासरे गेल्यावर सासूबाई रोह्याकडचं गावातलं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ आम्हाला नव्हतं. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघीच, आणि दोघींमध्ये बोलणं कमी. भांडण असं कधी झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं. त्या नुसत्या बघायच्या. मी कणीक मळताना बघायच्या, भाजी चिरताना बघायच्या, आणि ताटात पडलं की घास तोंडाकडे नेण्याआधी नाकाशी धरून हुंगायच्या. ही त्यांची जुनी खोड होती म्हणे. पण दोन वर्षं रोज दोन वेळा तुमच्या हातचा घास कुणी हुंगून खाल्ला तर कसं वाटेल, ते बायकांना सांगायला नको.

माझा विसावा म्हणजे बाल्कनी. चार पावलांची जागा, पण तिथे मी काय काय लावलं होतं! डालड्याच्या डब्यांत ओवा, पुदिना, गवती चहा. रंगाच्या मोठ्या डब्यात कढीपत्ता. फुटक्या मडक्यात अळू. मधोमध तुळस. आणि कडेला सफरचंदाचं एक लाकडी खोकं, आतून गोणपाट लावून मातीने भरलेलं, त्यात माठाची पालेभाजी. माती आम्ही दोघांनी गाढी नदीच्या काठावरून पिशव्या भरभरून आणली होती. सासूबाईंचं आयुष्य भातशेतीत गेलेलं. त्यांना ह्या डब्यांतल्या शेतीची गंमत वाटायची. मी पाणी घालत असले की आतून विचारायच्या, "काय गो, झाली का लावणी?" मी हसायचे, पण ते मला लागायचं.

या खोक्यातच मी निर्माल्य घालत असे. देवाला वाहिलेली फुलं-पानं कचऱ्यात टाकायची नाहीत, पायदळी येऊ द्यायची नाहीत, हे माहेरचं वळण. तिथे विहिरीमागे एक खड्डा होता. इथे तिसऱ्या मजल्यावर खड्डा कुठला? दर वेळी नदीवर जाणं होत नाही. मग मी निर्माल्य खोक्यातल्या मातीत पुरायला लागले. मातीही कसदार होते आणि पावित्र्यही राहतं, असा माझा दुहेरी हिशेब. त्याचा मला थोडा अभिमानसुद्धा होता. त्या वर्षी महाशिवरात्रीला बाजारातून बेल, पांढरी फुलं आणि धोतऱ्याची दोन-तीन काटेरी फळं आणली, पिंडीवर वाहिली, आणि दुसऱ्या दिवशी नमस्कार करून तेही सगळं खोक्यात पुरलं. धोतरा विषारी असतो हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लहान मुलालाही ठाऊक असतं. पण देवाला वाहिलेल्या वस्तूला बी असतं, ते पावसात रुजतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

श्रावणातला दुसरा सोमवार होता. माझा उपास. यजमानांचाही उपास, ते सकाळीच कामावर गेले होते. सासूबाईंना डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले होते, म्हणून त्या दिवशी आमच्या घरात जेवणारं माणूस एकच होतं. सकाळी त्या बाल्कनीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माठ बरा आलाय तुझा. आज त्याची भाजी कर. कोवळी हाय, दाताला सोसंल." दोन वर्षांत त्यांनी मला माझ्या बागेतलं काही मागितलं ते पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माठ खरं तर वीतभरच वाढला होता, निवडून खुडला असता तर जेमतेम मूठभर निघाला असता. पण मला त्यांना पोटभर वाढायचं होतं. म्हणून निवडायचं सोडून मी एका कोपऱ्याखेरीज सगळं खोकं उपटलं. त्यात काही पानं रुंद होती, कडा किंचित वाकड्या होत्या. चिरताना एक उग्र वासही आला. मी क्षणभर थांबले. मग म्हटलं, बी सुटं घेतलं होतं, त्यात मिसळ असते, राजगिऱ्याची पानं असतील. मिरची-खोबरं घालून भाजी केली, भाकरी केली आणि बाराच्या सुमाराला त्यांना वाढलं. त्यांनी नेहमीसारखा घास हुंगला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खाल्ला. "जरा कडवट हाय," एवढंच म्हणाल्या. आणि मला वाईट वाटू नये म्हणून असेल, सगळी भाजी संपवली.

दीडच्या सुमाराला त्यांनी पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. तांब्याभर पाणी पिऊनही तोंड कोरडंच आहे म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता, अंग तापलं होतं, पण घामाचा थेंब नव्हता. उजेड सोसत नाही म्हणून खिडकी लावायला सांगितली. मी वळून आले तर त्या अंथरुणात उठून बसलेल्या, केस सुटलेले, आणि हवेतून काहीतरी वेचत होत्या, सुईत ओवायला दोरा चिमटीत धरावा तशा. मी हाक मारली, "आई!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती. आवाज घोगरा, जाडा झाला होता, त्यांचा वाटतच नव्हता. मग त्या हसायला लागल्या. मी धावत जाऊन समोरचं दार वाजवलं.

समोर राहणाऱ्या काकू माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, धीराच्या. अडीअडचणीला मी त्यांच्याकडेच जात असे. त्या आल्या, दारातच थबकल्या, आणि त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. "अगं, श्रावणी सोमवार आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हा ताप नाही. आलंय त्यांच्या अंगात." आणि काय सांगू, मलाही ते पटलं. लाल चेहरा, मोकळे केस, पालटलेला आवाज, माणसाची ओळख नाही. गावाकडे जत्रेत मी हेच पाहिलेलं. पटलं म्हणण्यापेक्षा, पटवून घेतलं. कारण देवी आली असेल तर हात जोडून बसायचं, करायचं काही नाही. आजार असेल तर मला एकटीला काहीतरी करावं लागणार होतं.

काकूंनी हळदकुंकू आणलं. पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या दोन बायका आल्या. सासूबाईंच्या कपाळावर मळवट भरला गेला, मांडीवर नारळ ठेवला गेला. काकूंनी आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. सासूबाई भाताच्या शेतात उभ्या असल्यासारख्या मोठ्यांदा म्हणाल्या, "खालच्या खाचरातलं पाणी सोडा आधी!" काकूंनी त्याचा अर्थ लावला की जुनं ठरत आलेलं स्थळ सोडून द्यावं. दुसरीने नवऱ्याच्या बदलीचं विचारलं, तर तिला त्या माझ्या सासऱ्यांच्या नावाने हाका मारायला लागल्या. आज हे लिहिताना हसू येतं. त्या वेळी मी पायाशी हात जोडून बसले होते, आणि त्यांचे पाय मला तव्यासारखे तापलेले लागत होते. मनात एक बारीक आवाज म्हणत होता, देवीला ताप कसा येईल? तो आवाज मी दाबून टाकत होते. दीड तास असा गेला. त्या दीड तासाचा जाब मला कुणी विचारला नाही, पण मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

बाहेर पाऊस कोसळत होता. साडेतीनच्या सुमाराला उघड्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोंगराकडच्या आदिवासी वाडीवरून रानभाज्या विकायला बायका यायच्या, त्यांतली एक. डोक्यावर करटुल्यांची पाटी, पाटीवर प्लॅस्टिकचा कागद, गुडघ्यापर्यंत चिखल. आमच्या इमारतीत ती कधी वर येत नसे. मी तर घरची भाजी लावते या तोऱ्यात तिच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. पावसामुळे जिन्यात थांबली होती, तहान लागली म्हणून उघडं दार बघून आली, असं तिने नंतर सांगितलं. "पानी दे गं बाय," ती म्हणाली, आणि मग तिची नजर आत गेली. तिने पाटी उतरवली आणि कुणाला न विचारता ओल्या पायांनी सरळ आत आली.

"कवापासून हाय ही अशी?" तिने विचारलं.

काकू म्हणाल्या, "हळू बोल. देवी आली आहे."

तिने काकूंकडे लक्षच दिलं नाही. सासूबाईंची हनुवटी धरली, मान उजेडाकडे फिरवली, पापणी वर केली. "देवी-बिवी काय नाय. डोल्याची बुबली बघ केवढी झालीत. तोंड कोरडं ठाक. धोतरा गेलाय हिच्या पोटात. माझ्या बहिनीची पोर अशीच करत व्हती, बोंडं खाल्ली व्हती तिनं. काय खाल्लान हिनं?"

"माठाची भाजी. घरची," मी म्हटलं. "आमच्याकडे धोतरा कुठून येणार?"

"खंय हाय तुजा माठ? दाव."

मी तिला बाल्कनीत नेलं. कोपऱ्यात पाच-सहा रोपं राहिली होती. ती वाकली, त्यांतलं एक मुळापासून उपटलं, पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. तोच सकाळचा उग्र वास. मुळाशी मातीचा गोळा होता. तिने तो बोटांनी फोडला, तर आतून एक कुजलेलं काटेरी टरफल निघालं आणि त्याला चिकटलेलं, वाळून काळं पडलेलं बेलाचं पान. ते पान मी ओळखलं. ते मीच वाहिलं होतं, डोळे मिटून, हात जोडून. मी तुळशीच्या डब्याला धरून खाली बसले. मला एकच कळत होतं, की हे मी केलं. ज्याच्या भरवशावर मी जगत होते त्याच्याच पिंडीवरून उचलून मी हे विष घरात पेरलं होतं.

"बसू नको. ऊठ," ती बाई म्हणाली. "दवाखान्यात ने. ह्यो पाला संगती घे, डाक्टरला दाव."

त्यानंतरची गडबड मला तुकड्या-तुकड्यांनी आठवते. सासूबाईंना खुर्चीवर बसवून आम्ही चार-पाच जणींनी खाली आणलं. त्या हातपाय झाडत होत्या. रिक्षात एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती भाजीवाली, आपली पाटी आमच्या दारात तशीच सोडून. काकू यजमानांना फोन करायला दुकानावर थांबणार होत्या. रिक्षा सुरू व्हायच्या आत त्या जवळ आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "ते रोप नेऊ नकोस. डॉक्टर काय ते शोधतील. सुनेने सासूला घातलं असं लिहिलं गेलं तर? पोलीस येतील. तुझ्या माहेरच्यांनी तोंड कुठे लपवायचं?" त्या माझ्या काळजीनेच बोलत होत्या. ते रोप घातलेली पिशवी मी पदराखाली धरली. फेकली नाही, आणि दाखवीन असंही ठरवलं नाही. पनवेलच्या रस्त्यांवर पाणी साचलं होतं, रिक्षा चालत नव्हती, तरंगत होती. सासूबाई त्या बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून तिला सासऱ्यांच्या नावाने हाक मारत होत्या, आणि ती दर वेळी "व्हय, व्हय, हाय मी" म्हणत होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तपासलं, चेहरा गंभीर झाला. ताप मेंदूत गेला असावा, असं परिचारिकेला म्हणाले. मुंबईला हलवावं लागेल, रुग्णवाहिकेचं बघा, असंही म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "काही खाण्यात आलं का? औषधं कुठली चालू होती?" पदराखाली पिशवी होती. मी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे कुठल्या देवाची तसबीरही नव्हती, नुसतं एक कॅलेंडर होतं. मी मनात म्हणायला लागले, "देवा, मला वाचव." जन्मभर मी हेच म्हणत आले होते. पण त्या वेळी ते शब्द मला पुरे करता आले नाहीत. खाटेवर त्या म्हाताऱ्या बाईची बोटं अजून हवेतून काही वेचत होती, आणि मी स्वतःसाठी देव मागत होते. मला स्वतःची लाज वाटली. मी म्हटलं, "यांना वाचव. माझं काय व्हायचं ते होऊ दे." इतकी वर्षं देवाशी बोलत होते, पण अट न घालता बोललेलं हे पहिलंच वाक्य. ते म्हटल्यावर भीती गेली असं नाही. हात तेवढा मोकळा झाला. मी पिशवी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर रोप ठेवलं. "हे माझ्या हातून भाजीत गेलं. बारा वाजता. मीच वाढलं."

त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. आणि मग सगळं बदललं. मुंबईची गोष्ट थांबली. पोट धुवायची नळी आली, इंजेक्शनं आली, अंगावर गार पाण्याच्या पट्ट्या सुरू झाल्या. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "बरं झालं आणलंत. नाहीतर आम्ही वाटेतच वेळ घालवला असता." मी भाजीवालीला हे सांगायला वळले तर ती निघाली होती. पाऊस उघडला होता, आणि तिची करटुली आमच्या दारात पडली होती. संध्याकाळी यजमान आले. मी त्यांना सगळं सांगितलं, वास आला होता हेही सांगितलं. ते म्हणाले, "तू सकाळपासून उपाशी आहेस." एवढंच बोलले आणि माझ्यासाठी केळी आणायला गेले. ती रात्र आम्ही बाकावर काढली. सकाळी सासूबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कपाळाला काय फासलंय गो माझ्या?"

नियमाप्रमाणे दवाखान्याने पोलिसांना कळवलं होतं. दुपारी एक हवालदार आले, वही उघडून बसले. सगळं विचारून झाल्यावर म्हणाले, "सासूशी पटतं का?" मी म्हटलं, "फारसं नाही." यजमानांनी कपाळाला हात लावला. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर मधेच थांबायचं कुठे, ते मला कळेना. खाटेवरून घोगरा आवाज आला, "सून हाय ती माझी. भाजी मी मागितली, तिनं केली. घाला वही पिशवीत." हवालदारांनी तेवढं लिहिलं, सासूबाईंचा अंगठा घेतला आणि ते गेले. मी खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला गप्प केलं नाही, रडू दिलं.

त्या बाईला मी बाजारात शोधत होते. दहा-बारा दिवसांनी सापडली. मी तिच्या पायांशी वाकायला लागले तर ती घाबरून मागे सरली. "म्हातारी हाय ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला देवानेच पाठवलं. ती म्हणाली, "कोन पाठवतंय? पानी प्यायला आलेली मी. आनि तुमच्या गडबडीत पानी रायलंच." मी नाव विचारलं. बुधी. त्यानंतर ती वर्षानुवर्षं आमच्याकडे येत राहिली, आल्या आल्या आधी पाणी मागायची. तिला देवाने पाठवलं की पावसाने, यावर मी वाद घालत नाही. बाकीच्या दारांत न जाता ती आमच्या दारात आली, आणि तिने सासूबाईंच्या डोळ्यांत पाहिलं, एवढं मला पुरतं.

सासूबाई चौथ्या दिवशी घरी आल्या. माझं मात्र काहीतरी बिघडलं होतं. मला बाल्कनीत पाऊल टाकवेना. तुळशीला पाणीसुद्धा यजमान घालायचे. आणि स्वयंपाक केला की मी आधी स्वतः खाऊन बघायला लागले. प्रत्येक पदार्थ घासभर खायचा, घड्याळ लावून तासभर थांबायचं, आरशात डोळे बघायचे, मगच वाढायचं. जेवण रोज थंड. कुणी तक्रार केली नाही, त्यामुळे जास्तच अपराधी वाटायचं. त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी गेलो नाही, घरीच पूजा केली. नैवेद्य चाखायचा नसतो, हे मला पोरवयापासून माहीत. देवाच्या आधी जिभेला लावायचं नाही, साधा वासही घ्यायचा नाही. तरी मी मोदकांचं सारण चोरून चाखलं, आणि तासाभराने मोदक वळायला घेतले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उष्टा नैवेद्य देवापुढे ठेवून मी आरतीला उभी राहिले आणि माझे ओठ नुसते हलत होते.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. हे व्रत सासूबाईंनी कधी मोडलं नव्हतं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगरटीच्या शेतातलं चालत नाही. आपल्या परसात, हाताने माती उकरून लावलेल्या भाज्यांचीच एकत्र भाजी करतात. ती ऋषीची भाजी. पहाटे मी उठले तर त्या बाल्कनीत बसल्या होत्या. तेव्हा मला कळलं की घरी आल्यापासून त्या रोज पहाटे, मी उठायच्या आधी, तिथे बसत होत्या. त्यांनी खोक्यातली माती सगळी उपसून चाळणीने चाळली होती, त्यातलं एकेक काळं बी वेचून काढलं होतं, आणि पुन्हा माठ पेरला होता. बोट-दोन बोटं वर आला होता. त्यांनी तो खुडून सुपात ठेवला होता, शेजारी अळू. काकूंनी त्यांच्या माहेरच्या, सुकापूरच्या परसातलं पडवळ आणि भेंडी आदल्या दिवशी आणून दिली होती. सूप माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "निवड आणि कर."

मी म्हटलं, "आई, माझ्याच्याने नाही होणार. बाजारातून काही आणू."

"बाजारातलं बैलाचं. मला चालायचं नाय. तुझंच पायजे." मग म्हणाल्या, "आनि चाखू नको. काल सारण चाखलंस तू. मला काय कळत नाय होय?"

मी भाजी निवडायला बसले. एकेक पान उजेडात धरलं, पाठपोट पाहिलं, कड पाहिली, देठ पाहिला. इतक्या लक्षाने मी कधी देवासमोरही बसले नव्हते. तीन पाण्यांनी धुतली, शिजायला टाकली. वास दरवळला आणि चमचा आपोआप तोंडाकडे गेला. मी तो खाली ठेवला. ताट वाढलं, देवापुढे ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि डोळे मिटले. तेव्हा मला नैवेद्य न चाखण्याचा अर्थ उमगला, माझ्यापुरता. निवडणं माझं काम आहे, धुणं माझं काम आहे, त्यात कसूर करायची नाही, 'असेल राजगिरा' म्हणायचं नाही. पण तेवढं केल्यावर पुढे तासभर थांबून देवाचीच परीक्षा बघायची नाही. कधीतरी ताट हातातून सोडावं लागतं. मी सोडलं.

तेच ताट सासूबाईंनी उचललं आणि जेवायला बसल्या. मी समोर बसून त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्यांनी पहिला घास घेतला, सरळ तोंडात घातला. दुसरा घेतला. "बघत काय बसलीस? तुझं वाढून घे, निवेल," त्या म्हणाल्या. मी वाढून घेतलं. बऱ्याच दिवसांनी गरम जेवले.

पुढे अनेकांनी मला विचारलं, इतके सोमवार केलेस, देवाने तुला दिलं काय? मोठं असं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. भीती अजून आहे, गॅस मी अजून दोनदा बघते, तीनदा नाही. सासूबाई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. त्या अकरा वर्षांत त्यांनी माझ्या हातचा एकही घास हुंगून पाहिला नाही.